पीव्ही अक्षय्य असेल, तर मान्सूनचा वारा राधानगरीपर्यंत पोहोचतो कसा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी तुम्ही जुलै महिन्याचा रीॲनालिसिस डेटा (जुनी निरीक्षणं संगणकीय मॉडेलशी जुळवून केलेला हवामानाचा डेटा) घेतला, कोल्हापूरजवळच्या ग्रिडबिंदूवर ९२५ आणि ८५० हेक्टोपास्कल दाबाच्या पातळीवर पोटेन्शियल व्हॉर्टिसिटी (पीव्ही, म्हणजे हवेच्या फिरण्याला तिच्या थराच्या जाडीने भागून येणारी राशी) काढली आणि तिचा महिनाभराचा आलेख केला. पुस्तकात लिहिलंय की ही राशी अक्षय्य असते, म्हणजे बदलत नाही. तुमचा आलेख मात्र रोज वरखाली होतो, आणि नकाशावर घाटाच्या पूर्वेला पीव्हीचा ठळक पट्टा दिसतो. "नियम चुकीचा आहे की माझं गणित?" असं तुम्ही विचारलंय.

नियम बरोबर आहे. गणितात दोन दुरुस्त्या लागतील, त्या पुढे सांगते. पण मूळ अडचण वेगळीच आहे: नियम ज्या गोष्टीबद्दल बोलतो, ती गोष्ट तुमच्या आलेखात नाहीच. अक्षय्यता असते ती हवेच्या एका पुंजक्याची, तो जिथे जाईल तिथे त्याच्या मागोमाग जाऊन मोजलेली. एका जागी उभं राहून मोजलं तर ती दिसत नाही. कोल्हापूरच्या शिवाजी पुलावर उभं राहून दर तासाला पंचगंगेच्या पाण्याचा गढूळपणा मोजला, तर तो बदलत राहणारच. वर प्रयाग चिखलीच्या संगमातून कधी कासारीचं पाणी जास्त येतं, कधी भोगावतीचं. त्या मोजणीवरून एखाद्या घागरभर पाण्याचा गढूळपणा वाटेत बदलला की नाही, हे सांगता येत नाही. तुमच्या ग्रिडबिंदूवरून जुलैत दिवसाला साधारण हजार किलोमीटर लांबीची हवा वाहून जाते. तुम्ही रोज वेगळ्याच हवेची पीव्ही मोजत होता.

आता नियम मुळात काय म्हणतो ते पाहू, कारण सूत्र पाठ असूनही त्यातलं चित्र डोळ्यांसमोर नसलं की पुढची सगळी गडबड होते.

फुगडी रंगात आली की दोघीजणी हात आखडून एकमेकींच्या जवळ येतात आणि गरका एकदम वाढतो. हे झालं कोनीय संवेगाच्या अक्षय्यतेचं काम. दुसरं चित्र भाकरीचं. पिठाचा गोळा परातीत थापला की त्याची उंची कमी होते आणि घेर वाढतो. पीठ तेवढंच राहतं. ही दोन्ही चित्रं एकत्र केली की पीव्ही तयार होते. हवेचा फिरता स्तंभ दाबून बुटका केला तर तो पसरतो आणि त्याचं फिरणं मंदावतं. ओढून उंच केला तर तो बारीक होतो आणि जोरात फिरतो. म्हणून फिरण्याला उंचीने भागलं की येणारा आकडा बदलत नाही: (झीटा अधिक एफ) भागिले एच.

यातला एफ म्हणजे पृथ्वीच्या परिवलनाचा वाटा. कोल्हापुरात वारा अजिबात नसला तरी इथला हवेचा स्तंभ पृथ्वीबरोबर फिरतच असतो, आणि तो किती फिरतो हे अक्षवृत्तावर ठरतं. सोयीसाठी 'दर सेकंदाला एक लक्षांश' हे एकक धरू. कोल्हापूरला, म्हणजे १६.७ अंश उत्तरेला, एफ ४.२ येतो. ४५ अंशांवर १०.३. विषुववृत्तावर शून्य. दक्षिण गोलार्धात १० अंशांवर उणे २.५. हा उणे आकडा लक्षात ठेवा, सगळ्या उत्तराचा कणा तोच आहे. झीटा म्हणजे पृथ्वीच्या सापेक्ष वाऱ्याचं स्वतःचं गरगरणं, उत्तर गोलार्धात घड्याळाच्या उलट दिशेने असेल तर धन. आणि एच म्हणजे त्या हवेच्या थराची जाडी.

कार्ल-गुस्ताफ रॉस्बी यांनी १९४० मध्ये हे या सोप्या रूपात मांडलं. पश्चिमेकडून येणारी हवा थोडी उत्तरेला सरकली तर एफ वाढतो. जाडी तीच असेल तर झीटा घटते, हवा उजवीकडे वळून परत दक्षिणेला येते. दक्षिणेला जास्त गेली की उलट वळते. मध्य अक्षवृत्तांवरच्या त्या हजारो किलोमीटर लांबीच्या नागमोडी लाटा एवढ्या एका विधानातून निघतात. १९५० मध्ये एनियाक संगणकावर चार्नी, फ्योर्टोफ्ट आणि फॉन नॉयमन यांनी पहिला संगणकीय हवामान अंदाज काढला, तेव्हा त्यांच्या समीकरणात जाडीसुद्धा स्थिर धरली होती. पाऊस नाही, उष्णता नाही, फक्त (झीटा अधिक एफ) हवेबरोबर वाहून नेली होती. तरीही वरच्या हवेचे नकाशे ओळखण्याइतके जुळले. या नियमात किती बळ आहे हे मला त्या गोष्टीवरून कळलं.

खऱ्या वातावरणाला मात्र थरांच्या कडा आखलेल्या नसतात. हान्स एर्टेल यांनी १९४२ मध्ये जे व्यापक रूप दिलं त्यात थराच्या कडा ठरतात पोटेन्शियल टेंपरेचरच्या, म्हणजे थीटाच्या, पृष्ठांनी (हवा बाहेरून उष्णता न देता-घेता १००० हेक्टोपास्कल दाबाला आणली तर तिचं जे तापमान होईल ते थीटा). उष्णता आत-बाहेर झाली नाही तर हवा आपल्या थीटाच्या पृष्ठावरच राहते, म्हणून दोन पृष्ठांमधलं अंतर हाच एच. तुम्ही एच म्हणून डोंगरापासून 'वातावरणाच्या वरच्या टोकापर्यंत'ची उंची घेतली आहे. ती चूक फार जण करतात. दाबाच्या भाषेत सूत्र असं: गुरुत्वत्वरण, गुणिले (झीटा अधिक एफ), गुणिले दाबानुसार थीटा किती झपाट्याने बदलते तो दर, आणि पुढे उणे चिन्ह. कोल्हापूरवर जुलैत तपांबराच्या (वातावरणाच्या सर्वांत खालच्या, ढग-पावसाच्या थराच्या) मध्यभागी १०० हेक्टोपास्कलमागे थीटा ढोबळमानाने ६ केल्व्हिनने वाढते असं धरलं आणि झीटा शून्य धरली, तर उत्तर येतं सुमारे ०.२५ पीव्ही एकक (पीव्ही मोजायचं रूढ एकक). मध्य अक्षवृत्तांवर तपांबरात हा आकडा साधारण अर्धा ते एक असतो आणि त्यावरच्या थरात, स्थितांबरात, शिरलं की झपाट्याने वाढतो; २ एककांचं पृष्ठ हीच तिथे तपस्तब्धी, म्हणजे या दोन थरांमधली सीमा, मानतात. तुमचे आकडे ०.२ ते ०.५ च्या दरम्यान असतील तर ठीक. घाटाच्या पट्ट्यात तुम्हाला १ च्या वर आकडे मिळाले आहेत, त्यांच्याकडे मी संशयानेच पाहीन.

एर्टेल यांच्या प्रमेयाला दोन अटी आहेत: हवा तापू वा निवू नये, आणि घर्षण नसावं. हिवाळ्यात उत्तर भारतावरच्या जेट स्ट्रीमच्या (वेगवान वाऱ्याच्या अरुंद पट्ट्याच्या) उंचीवर दोन-तीन दिवसांपुरत्या या अटी छान पाळल्या जातात. तिथे स्थितांबरातून खाली उतरलेली हवा तिच्या मोठ्या पीव्हीवरून ओळखता येते, आणि तिचा माग काढता येतो. १९८५ मध्ये हॉस्किन्स, मॅकिन्टायर आणि रॉबर्टसन यांचा जो लेख आला, त्याने थीटा-पृष्ठांवर पीव्हीचे नकाशे पाहण्याची सवय आमच्या पिढीला लावली. पण तुम्ही निवडलाय जुलैचा कोल्हापूर जिल्हा. धो-धो पाऊस, म्हणजे अप्रकट उष्मा (वाफेचं पाणी होताना सुटणारी उष्णता) मोकळी होणारच. आणि जमिनीलगतचा थर, म्हणजे घर्षण असणारच. दोन्ही अटी जिथे मोडतात नेमकी तीच जागा तुम्ही घेतली आहे. याने नाउमेद होऊ नका. माझ्या मते पीव्हीचा सर्वांत मोठा उपयोग इथेच आहे. ही राशी जिथे बदलते तिथे कोणीतरी तिला हात लावलेला असतो, आणि तो कोण हे शोधता येतं. जमाखर्चाची वही जुळते तिथे नुसती खूण करून पुढे जायचं. जुळत नाही तिथे थांबून पाहायचं.

याचं सर्वांत मोठं उदाहरण आपल्या अंगणात पडणारा पाऊसच आहे. जून ते सप्टेंबर आपल्याकडे येणारी हवा मूळची दक्षिण गोलार्धातली. ती आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याजवळ विषुववृत्त ओलांडते, सोमालियाच्या किनाऱ्याने जोर धरते आणि अरबी समुद्रावरून सह्याद्रीवर येऊन आदळते. जॉन फाइंडलेटर यांनी १९६९ मध्ये या खालच्या जेटचं सविस्तर वर्णन केलं. आता तो उणे २.५ आकडा आठवा. १० अंश दक्षिणेला शांतपणे निघालेल्या हवेचा फिरण्याचा आकडा उणे २.५. जाडी न बदलता ती कोल्हापूरच्या अक्षवृत्तावर आली, आणि पीव्ही काटेकोर अक्षय्य राहिली, तर इथेही झीटा आणि एफ यांची बेरीज उणे २.५ च हवी. एफ तर इथे अधिक ४.२ आहे. म्हणजे झीटा उणे ६.७ झाली पाहिजे. सेकंदाला १२ मीटर वेगाने वाहणाऱ्या हवेने एवढी झीटा नुसत्या वळणातून मिळवायची तर तिला १८० किलोमीटर त्रिज्येचं वर्तुळ मारावं लागेल, तेही उजवीकडे. म्हणजेच ती इथवर येणारच नाही. विषुववृत्त ओलांडून थोडं पुढे आली की उजवीकडे वळून पुन्हा दक्षिणेकडे निघून जाईल.

पण ती येते. दरवर्षी येते, राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडायला लावते. याचा अर्थ वाटेत तिच्या पीव्हीचं चिन्हच बदललेलं असतं. ते कोण बदलतं? पूर्व आफ्रिकेच्या डोंगररांगांना घासून जाताना होणारं घर्षण आणि वाटेत मिळणारी उष्णता. रॉडवेल आणि हॉस्किन्स यांनी १९९५ मध्ये नेमका हाच मुद्दा घेऊन काम केलं: विषुववृत्तापलीकडून आलेल्या हवेची पीव्ही वाटेत बदलल्याशिवाय मान्सूनचा प्रवाह भारतापर्यंत टिकू शकत नाही. हा विचार मी पहिल्यांदा समजून घेतला त्या पावसाळ्यात रंकाळा तलावावर फिरायला गेले की पश्चिमेकडच्या ढगांकडे वेगळ्याच नजरेने पाहायचे. आपल्या शेताला पाणी मिळतं ते एक अक्षय्यता तीन-चार हजार किलोमीटर दूर मोडते म्हणून.

आता तुमचा घाटावरचा पट्टा. पुस्तकात पश्चिमेचा वारा पर्वत ओलांडतो, स्तंभ बुटका होतो, वारा उजवीकडे वळतो, पलीकडे उतरताना डावीकडे, असं चित्र असतं. ते रॉकी पर्वतासारख्या शेकडो किलोमीटर रुंद अडथळ्यासाठी काढलेलं आहे. आपल्या घाटमाथ्यावरच्या गगनबावड्याला ते जसंच्या तसं लावू नका. हिशेब करून पाहा. घाट आणि भोवतालचा पट्टा मिळून १०० किलोमीटर धरला तरी १२ मीटरच्या वाऱ्याने हवा तो सव्वादोन-अडीच तासांत ओलांडते. परिवलनाचा परिणाम जाणवायला कोल्हापूरच्या अक्षवृत्तावर साधारण साडेसहा तास लागतात (एकाला एफने भागलं की हा आकडा मिळतो). १० किलोमीटर उंचीचा स्तंभ १ किलोमीटर उंचीच्या सह्याद्रीने १० टक्के दाबला असं मानलं, तर एवढ्या वेळात वारा वळेल जेमतेम २ अंश. तेवढा फरक वाऱ्याच्या निरीक्षणांत सापडणारही नाही. पीव्ही तिथेही आपला नियम पाळत असते, पण तिच्यावरून वारा कुठे वळेल ते सांगता येत नाही, कारण एवढ्या छोट्या अंतरात वारा आणि दाब यांचा समतोलच बसलेला नसतो. गगनबावड्याला वर्षाला ५,००० मिलिमीटरच्या पुढे पाऊस आणि तिथून ५५ किलोमीटरवरच्या कोल्हापूर शहरात १,००० च्या आसपास, हा फरक समजून घ्यायचा तर हवा वर चढणं, थंड होणं, उतारावर कोरडी होणं हाच रस्ता आहे. तिथे पीव्हीला राबवू नका.

मग पट्टा पावसाच्या उष्णतेने आला असेल का? हे तपासण्याजोगं आहे. १०० मिलिमीटर पावसातून जेवढी अप्रकट उष्मा मोकळी होते तेवढ्याने त्या जागेवरचा संपूर्ण वातावरणाचा स्तंभ सरासरी २५ अंशांनी तापेल. जुलैत घाटमाथ्यावर दिवसाला १०० मिलिमीटर ही काही नवलाची गोष्ट नाही. तापणं सगळीकडे सारखं नसतं, मध्यभागी जास्त असतं. आणि जिथे ते उंचीबरोबर वाढत जातं, म्हणजे त्या मध्याच्या खाली, तिथे पीव्ही वाढते. मध्याच्या वर ती घटते. ९०० हेक्टोपास्कलला शून्य आणि ५०० ला दिवसाला ४० अंश असं धरलं, तर खालच्या भागात पीव्ही दिवसाला सुमारे ०.४ एककाने वाढायला हवी. पण हवा त्या पावसात राहते अडीच तासांपेक्षा कमी. म्हणजे वाढ ०.०४. मूळच्या ०.२५ वर हा फरक आहे खरा, पण तुमचा १ च्या वरचा पट्टा त्याने होत नाही.

तुमच्या पट्ट्याचं कारण मला तरी ओळखीचं वाटतं. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास आहे. पावसाळ्यात इथे जमिनीवरचा दाब साधारण ९४५ हेक्टोपास्कल भरतो. घाटमाथ्यावर त्याहून कमी. म्हणजे ९२५ चं पृष्ठ घाटावर जमिनीखाली जातं किंवा जमिनीला टेकतं. रीॲनालिसिसमध्ये तिथेही आकडे असतात, पण ते भरून काढलेले. अशा अंदाजाने भरलेल्या वाऱ्याची आणि तापमानाची तुम्ही शेजारच्या खऱ्या आकड्यांशी वजाबाकी केली, आणि वजाबाकीतूनच झीटा येते. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी स्वतः असाच पट्टा काढून एका बैठकीत मांडला होता. दोन आठवडे त्याचा अर्थ लावण्यात घालवले होते. वरिष्ठांनी एकच विचारलं, "त्या ठिकाणी जमिनीवरचा दाब किती आहे?" घरी येऊन जमिनीखालचे बिंदू झाकले तेव्हा पट्ट्याचा बहुतेक भाग नाहीसा झाला. तेव्हापासून कुठलाही डेटा उघडला की पहिल्यांदा जमिनीवरच्या दाबाचा नकाशा काढते. तुम्हीही आधी तेवढं करा.

इथवरचं एकत्र सांगायचं तर: आलेख वरखाली होतो कारण तो जागेचा आहे, हवेचा नाही. पट्टा दिसतो तो बहुधा जमिनीखालच्या आकड्यांचा. आणि खरीखुरी अक्षय्यता मोडते ती घाटापेक्षा कितीतरी आधी, आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ आणि समुद्रावर.

एक जागा अशी आहे जिथे पावसाने पीव्ही वाढणं खरोखर निर्णायक ठरतं: बंगालच्या उपसागरातून येणारी मान्सूनची डिप्रेशन्स, म्हणजे कमी दाबाची फिरती क्षेत्रं. घाटात हवा पावसातून अडीच तासांत बाहेर पडते. डिप्रेशनमध्ये तीच हवा तीन-चार दिवस केंद्राभोवती फिरत राहते आणि पाऊसही तिच्याबरोबर चालतो. रोजची वाढ साठत जाते. तुम्ही "पीव्ही अक्षय्य असेल तर डिप्रेशन बळावतं कसं?" असंही विचारलं होतं, त्याचं उत्तर हे. यासंदर्भात हेन्स आणि मॅकिन्टायर यांचं १९८७ चं प्रमेय जरूर वाचा. दोन थीटा-पृष्ठांमधल्या थराचा विचार केला तर पावसाची उष्णता नव्याने काही निर्माण करत नाही. वस्तुमान एका थरातून दुसऱ्यात जातं आणि मागे राहिलेलं तेवढंच पीव्हीचं 'द्रव्य' कमी हवेत दाट होतं, वरच्या थरात पातळ होतं. पहिल्या वाचनात हे डोक्यावरून जाईल. कागदावर दोन थर काढून, एकातून दुसऱ्यात बाण दाखवून पाहा.

समुद्रात हा नियम कसा चालतो, हे तुम्ही शेवटी एका ओळीत विचारलंय, तेव्हा मीही थोडक्यात सांगते. वरचा ढवळला जाणारा थर सोडला की समुद्राच्या आत तापणं-निवणं फारच कमी. त्यामुळे पाण्याला आपली पीव्ही वर्षानुवर्षं जपता येते. सारगॅसो समुद्रात हिवाळ्यात थंड होऊन तयार झालेलं १८ अंश सेल्सियसचं पाणी पीव्हीच्या अत्यल्प मूल्यावरून खूप दूरपर्यंत ओळखू येतं. आणि खोल समुद्रात झीटा एफच्या मानाने इतकी किरकोळ असते की एफ भागिले खोली हाच आकडा स्थिर राहतो. वरून तळापर्यंत एकसारखा वाहणारा प्रवाह उथळाकडे जायचा तर त्याला विषुववृत्ताकडे सरकावं लागतं. म्हणून प्रवाह समुद्रतळाच्या उंचवट्यांना वळसा घालून जातात. नियम शुद्ध रूपात पाहायची तुम्हाला हौस असेल, तर पुढचा प्रोजेक्ट समुद्रावर करा.

या प्रोजेक्टसाठी मात्र मी असं करीन. ९२५ सोडून द्या. कोल्हापूरवर ८५० च्या जवळपास थीटा ३०७ केल्व्हिनच्या आसपास असते, तिथून एक पुंजका निवडा, तोही जुलैतल्या मोठ्या पावसाच्या दिवसाचा, आणि त्याचा मार्ग मागे मागे काढत जा. मार्ग त्रिमितीय वाऱ्याने काढा, नुसत्या आडव्या नाही. चार-पाच दिवस मागे गेलात की तो विषुववृत्ताजवळ पोहोचेल. दहा दिवस ठेवा म्हणजे दक्षिण गोलार्धातला भागही हाती येईल. जवळजवळचे वीस-पंचवीस पुंजके एकदम सोडा, कारण एकट्याचा मार्ग चार दिवसांनंतर भरवशाचा राहत नाही. प्रत्येक सहा तासांच्या बिंदूवर पीव्ही, थीटा आणि खालच्या जमिनीची उंची लिहा. थीटा बदलली तिथे उष्णतेने हात लावला. थीटा तीच राहून पीव्ही बदलली तर घर्षणावर संशय घ्या, जरी सीमास्तरात (जमिनीलगतच्या घर्षणाच्या थरात) दोघांना वेगळं करणं अवघड जातं आणि डेटाचा ग्रिड किती बारीक आहे यावरही बरंच अवलंबून राहील. पीव्हीचं चिन्ह उण्याचं अधिक होतं तो बिंदू प्रत्येक मार्गावर नकाशात टिंबाने दाखवा. टिंबं किनाऱ्यालगत दाटीने पडतात की समुद्रावर विखुरतात, ते मला कळवा. तो नकाशा मला पाहायचा आहे.